हात तुझा, रेघ माझी

प्रिय खारू,

शनिवार दुपारची ती रांग आठवते तुला? कॉन्व्हेंटच्या वसतिगृहाच्या मागच्या व्हरांड्यात धुवून आलेल्या कपड्यांचे गठ्ठे लागायचे आणि आपण मुली एकमेकींच्या वेण्या ओढत उभ्या असायचो. आईनं आपल्या एकूण एक कपड्याला आतून, मानेपाशी, नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव दोऱ्यानं भरून दिलं होतं. आपल्या दोघींचं पहिलं अक्षर एक, आडनाव तर एकच. त्यामुळे धुलाईच्या सिस्टर तुझं माझ्या गठ्ठ्यात आणि माझं तुझ्या गठ्ठ्यात खुशाल टाकायच्या. मग आईनं युक्ती काढली. माझं अक्षर निळ्या दोऱ्यात, तुझं लाल. पण सिस्टर अक्षर तेवढं वाचायच्या, रंग त्यांच्या गावीही नसायचा. एका आठवड्यात तुझा नवाकोरा राखाडी स्वेटर माझ्याकडे आला आणि माझा, कोपरांवर विरलेला, तुझ्याकडे गेला. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत तू दिसलीस, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत, आणि मी तुला खांबाआड ओढून म्हटलं, "अगं वेडे, हा माझा आहे. तुझा नवा माझ्या कपाटात पडलाय. मागितला का नाहीस?" तू गालात काहीतरी धरून होतीस. ते आधी नीट गिळलंस आणि म्हणालीस, "असू दे ना ताई. ऊब तेवढीच आहे." गालात कायम काहीतरी, म्हणून तर तू खारू.

आणि ती जिन्याखालची पत्र्याची पेटी! ज्याचा धनी सापडत नाही असा कपडा तिच्यात जायचा. तो परत हवा असेल तर सगळ्यांसमोर पुढे यायचं, हात वर करायचा आणि "सिस्टर, ही वस्तू माझी आहे" हे अख्खं वाक्य इंग्रजीत, न अडखळता म्हणायचं. व्याकरण चुकलं तर वस्तू परत पेटीत. माझं व्याकरण पक्कं होतं, मी दर आठवड्याला काही ना काही सोडवून आणायचे. तू एकदाही पुढे गेली नाहीस. तुझा एक मोजा, हातरुमाल, गणवेशाचा पट्टा, सगळं त्या पेटीच्या पोटात गेलं. पट्ट्याऐवजी तू वर्षभर सुतळी बांधलीस आणि वरून ब्लाउज ओढून घेतलास.

हे आज का आठवलं ते सांगायला बसले आहे, पण बसवतच नाही. सकाळपासून कितीदा तरी या टेबलाशी येऊन उठले. एकदा चहा केला आणि ओट्यावरच विसरले. एकदा खिडकी उघडली, मग आवाज नको म्हणून लावली, मग गुदमरायला झालं म्हणून परत उघडली. समोरच्या इमारतीत रंगकाम चाललंय, दोराला लटकलेला माणूस एकाच चौकोनावरून ब्रश फिरवतोय आणि मला त्याचा हेवा वाटतोय. आपलं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे त्याला दिसतं तरी.

सत्र संपलं की माझी नोकरी संपते, हे तुला माहीत आहे. प्रयोगशाळाही त्याच दिवशी संपायला हवी. पण आमच्या संचालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला असं कसं सोडू? मानद प्राध्यापक म्हणून तुमचं नाव सुचवतो. खोली राहील, फ्रीझर राहील, एक विद्यार्थिनी राहील." मी घरी येऊन एकटीच नाचले म्हटलं तर खोटं वाटेल तुला, पण स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली खरी आणि मग पाठ धरली. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "बघ, मी म्हणत नव्हते?" तुझा तो आनंद मला अजून ऐकू येतोय, म्हणून पुढचं लिहायला हात अडखळतो.

तू इथून गेलीस त्यानंतर आमच्याकडे एक नवं वारं आलं. पूर्वी कोण काय शोधतंय हे विचारायचे, आता कुणाचा आकडा किती हे विचारतात. तू लिहिलेल्या पेपरचा आधार दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात घेतला की तुझ्या नावावर एक सायटेशन जमा. आणि तुझे वीस पेपर असे असतील की प्रत्येकाचा आधार किमान वीस जणांनी घेतलाय, तर तुझा निर्देशांक वीस. झालं, एवढंच ते. वजनकाट्यावर उभं राहून उंची सांगण्याचा प्रकार, पण नेमणूक, बढती, अनुदान, सगळं त्यावर. माझ्या समोरच्या खोलीत हृदयाच्या पेशींवर काम करणारा सहकारी आहे, त्याला आम्ही आकडेशास्त्री म्हणतो. सामन्याचा धावफलक सांगावा तसा तो कुणाचाही आकडा कधीही सांगतो. जिन्यात भेटला तरी, "बाई, या महिन्यात तुम्ही मला मागे टाकलंत हं," म्हणून वाकून नमस्कार करतो. माणूस वाईट नाही. फक्त त्याला मोजल्याशिवाय प्रेम करता येत नाही.

मी स्वतः ते पान कधी उघडलं नव्हतं. जगभरच्या पेपरांची नोंद ठेवणारं एक संगणकी कोठार असतं. ते नाव, आडनाव आणि संस्था जुळवून आपोआप प्रत्येकाची यादी करतं, आणि आमच्या ग्रंथपाल बाई वर्षाकाठी त्यातली बेरीज कागदावर लिहून देतात. ती बेरीज मात्र मी आवडीनं बघायचे, कशाला नाकारू? ती दर वर्षी फुगत होती आणि मला वाटायचं, माझ्या यकृताच्या पेशींचं अखेर कुणीतरी मनावर घेतलं.

मग तुझी लेक आमच्याच संस्थेतल्या एका जागेच्या मुलाखतीसाठी माझ्याकडे राहायला आली. तिनं तुला काय सांगितलं, काय नाही, मला ठाऊक नाही, म्हणून घडलं तसं लिहिते. मुलाखत दुपारी होती, म्हणून मी तिला सकाळी प्रयोगशाळेत नेलं. तिनं ओळखीच्या घरात शिरल्यासारखं सगळं हाताळलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली, तर ती उठायलाच तयार नाही. बसायची ढब थेट तुझी, एक पाय मुडपून. तेवढ्यात आकडेशास्त्री आले आणि पाहुणी बघून त्यांना चेव चढला. आपल्या संगणकावर माझं पान काढून म्हणाले, "या, या, तुमच्या मावशीची कमाई बघा. हा एकच पेपर घ्या. तीन पानं. एक कोष्टक, एक आकृती. आणि बाईंच्या सगळ्या सायटेशनपैकी जवळजवळ निम्मी याच्यावर. आम्ही आयुष्यभर जाडजूड लिहीत बसलो, बाईंनी तीन पानांत मैदान मारलं!"

तुझी लेक पडद्याकडे वाकली. मी हसतच होते, कारण मला वाटलं, माझ्या एन्झाइमचा पेपर असेल. मग ती वळून हळूच म्हणाली, "मावशी, हा तुझा आहे?" तिचा आवाज असा की मी चष्मा शोधायला लागले. ती म्हणाली, "आई सांगायची, लग्नाआधी तिनं एक पेपर लिहिला होता. तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या थेंबावर. आम्ही हसायचो गं. बाबा म्हणायचे, तुमच्या आईचा पेपर म्हणजे माझ्या गळातून निसटलेला तळ्यातला मासा, सांगताना दर वर्षी थोडा मोठा होतो." आणि मग ती हसली, पण ते हसू अर्ध्यात मोडलं.

मी तिला म्हटलं, "आकृती उघड." शीर्षक मी वाचलंच नाही, खारू. आकृती आली आणि तुझा हात समोर आला.

तळमजल्यावरचा तो नवजात बालकांचा विभाग. तू नुकतीच मदतनीस संशोधक म्हणून लागली होतीस, मी वरच्या मजल्यावर. बाळाच्या टाचेतून काढलेलं रक्त त्या चिमुकल्या नळीत घेऊन सगळे ती खसाखसा हलवायचे, मग बर्फात खुपसायचे. वरपर्यंत येईतो लाल पेशी फुटून नमुना गुलाबी झालेला. गुलाबी झाला की तपासणी बाद, आणि बाळाला पुन्हा टोचायचं. आमच्यापैकी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, नमुने थोडेबहुत वाया जातातच. तुला मात्र ते दुसऱ्यांदा टोचणं सहन होईना. घरी येऊन जेवताना सुद्धा तू म्हणायचीस, "ताई, त्या टाचा केवढ्या असतात बघितल्यास का?" मग तू नळी हलवायचं सोडून दोन तळहातांत हळूहळू फिरवायला लागलीस, आणि बर्फाऐवजी साध्या टेबलावर आडवी ठेवायला. इतकंच. पण ते तू महिनोन्‌महिने दोन्ही पद्धतींनी ताडून बघितलंस, सकाळचे नमुने, संध्याकाळचे, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे, आणि गुलाबी नळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या. तुझे वरिष्ठ डॉक्टर किती खट होते, तरी पेपरवर स्वतःचं नाव घालायला तयार होईनात. "जिनं नळी फिरवली तिचं नाव. मी फक्त कुरकुर केली," म्हणाले.

चित्र काढायला तुला कुणी सापडेना, तेव्हा मी बसले. आपल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घडी केलेलं पाकीट सरकवून. तू नळी धरून बसलीस आणि मी काळ्या शाईच्या बारीक निबानं रेघ रेघ ओढत होते. "ताई, आटप, माझा हात बाहुलीचा झालाय." "हलू नकोस, नळी सांडेल." "रिकामी आहे." "मग हात सांडेल." आठवतं? आणि तुझ्या अंगठ्याचं ते कुरतडलेलं नख मी जसंच्या तसं काढलं, तेव्हा तू केवढी चिडलीस. "नख तरी नीट काढ ना! जगभर जाईल ते." मी म्हटलं, "विज्ञानात खोटं नख चालत नाही." तू गाल फुगवून बसलीस, पण चित्र तसंच गेलं. आणि खरंच जगभर गेलं, बाई. तुझी लेक तिथल्या तिथे शोधत होती. कुठल्या कुठल्या देशांच्या परिचारिकांच्या हस्तपुस्तिकांत, भिंतीवर लावायच्या तक्त्यांत, त्या त्या लिपीतल्या सूचनांच्या वर, तुझा हात आणि तुझा अंगठा. ज्या बाळांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही त्यांची बेरीज कुठल्या कोठारात नाही, पण आता ती कुठं कुठं पोटापाण्याला लागली असतील, रांगांत उभी असतील.

आणि पेपरच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, ती ओळ. 'आकृती काढून दिल्याबद्दल लेखिका आपल्या बहिणीची ऋणी आहे.' म्हणजे माझ्या पानावरचा माझा सर्वांत गाजलेला पेपर मी लिहिला, आणि त्यात चित्र काढल्याबद्दल तुझे आभार मानले. तुझे! जिला पट्टी धरूनही सरळ रेघ ओढता येत नाही. मानदपदाच्या निवड समितीसाठी माझं कौतुक लिहिणाऱ्या कुणीही ती ओळ वाचली नव्हती. आकडेशास्त्र्यांनी वाचली आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून कुठलाही आकडा निघाला नाही.

कसं झालं हे मी नंतर ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या काळी नियतकालिकं पूर्ण नाव छापत नसत. पहिलं अक्षर तेच, आडनाव तेच, संस्था तीच. यंत्रानं दोघींना एक केलं. मी लग्न केलं नाही म्हणून ते आडनाव माझ्यापाशी राहिलं. तुझं बदललं, मग त्या नावाची तू कुठं उरलीच नाहीस. धुलाईच्या सिस्टर तशा अमर आहेत म्हणायच्या.

पेपर छापून आला तेव्हा तू इथं नव्हतीसच. आईला अर्धांगाचा झटका आला, माझं परदेशी जाण्याचं तिकीट हातात होतं, तुझ्या नेमणुकीची मुदत नुकतीच संपत होती. तू जावंस असं कुणीच म्हटलं नाही, आणि तरी तू बॅग भरलीस. आई बरी होईपर्यंत, असं म्हणून गेलीस. मग आई होती तोवर, मग लग्न, मग लेक, मग दवाखान्याशेजारची तुझी ती रक्ततपासणीची छोटी खोली. पेपरच्या छापील प्रतींचा गठ्ठा इथल्या पत्त्यावर आला, तो मी तुला पाठवला. पुढे कधी तू त्याचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तुझ्या मनातून गेलं असेल. तुझ्या मनातून कुठलीही गोष्ट जात नाही हे मला माहीत असायला हवं होतं. खार दाणे पुरते आणि विसरते असं म्हणतात, पण माझी खार पुरते आणि नुसती बसून राहते.

तुझी लेक मुलाखतीला गेली आणि मी तुला फोन केला. मला वाटलं, तू चकित होशील, हसशील, मग मला फाडून खाशील. पलीकडे नळाचं पाणी भांड्यात पडत होतं, ते तू बंद केलंस, आणि म्हणालीस, "मला माहीत होतं गं. लेकीनं घरात संगणक आणला तेव्हा मीच एकदा शोधलं होतं, कुणी नसताना. तुझ्या नावावर दिसलं. म्हटलं, असू दे. घरातल्या घरातच आहे." आणि लगेच गुडघ्याचं सांगायला लागलीस. जिना चढताना कटकट वाजतो, डॉक्टर म्हणतात वजन कमी करा, मी म्हटलं गुडघा कमी करा.

मी हसले सुद्धा त्या विनोदाला. फोन ठेवला, आणि तेव्हापासून बसवत नाहीये. कारण मला एक गोष्ट नंतर समजली. जेवणाच्या टेबलावर तुझा नवरा माशाचा विनोद करत होता, तुझी लेक हसत होती, आणि तू उठून त्यांना सांगू शकली असतीस की हा बघा, माझा पेपर. पण तो दाखवला असता तर लेकीनं तो संगणकावरही शोधला असता, तो माझ्या यादीत दिसला असता, आणि तिनं विचारलं असतं, मग मावशीनं तो कसा घेतला? तिच्या मनात माझ्याबद्दल शंका नको, म्हणून तू तिच्या नजरेत थापाडी झालीस. इतकी वर्षं. वर हात धुवून त्यांना वाढतही राहिलीस. विरलेल्या कोपरांचा स्वेटर घालून प्रार्थनेला उभं राहणं काय, आणि हे काय.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तांत्रिक बाब आहे. आधी निवड होऊ दे, मग सावकाश दुरुस्त करू. बहिणीची काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाले, "मग झालं तर. घरचंच तर आहे." तुझेच शब्द, खारू, जवळजवळ. आकडेशास्त्र्यांनी हिशेब मांडून दिला. निर्देशांक एकानंच उतरेल, पण बेरीज, असं म्हणून त्यांनी हात हवेत धरला आणि खाली सोडला. मला तेवढं पुरे होतं. माझी शेवटची विद्यार्थिनी दाराशी पेट्रीबशांचा ट्रे घेऊन उभी होती. तिचा प्रबंध अर्ध्यावर आहे. ती नुसतं ट्रे कुठं ठेवू म्हणाली, आणि मी म्हटलं, जिथं ठेवतेस तिथंच, अजून आपलीच खोली आहे.

मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. नुसती फिरत राहिले. कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, इतकी की सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई, काही हरवलंय का? सांगा, मी पण बघते." मी माझी यादी पहिल्यांदाच नीट वाचली, तुझा पेपर झाकून. बऱ्याच पेपरांना कुणी विचारलेलं नाही. काहींना माझ्याच पेपरांनी विचारलंय. पण यकृतातल्या त्या एका एन्झाइमवरचा माझा पेपर, ज्यावर माझी ऐन उमेदीची वर्षं गेली, तो मी पुन्हा वाचला, आणि खारू, तो चांगला आहे. कमी लोकांनी वाचला, पण त्यात एक शब्द लबाडीचा नाही. मला त्याची माया वाटली. लाजऱ्या पोरीला पाहुण्यांसमोर उगाच मागे ढकलल्यासारखं मी त्याला इतकी वर्षं त्या फुगलेल्या बेरजेमागं ठेवलं होतं.

मग प्रस्तावाचा शेवटचा कागद सहीसाठी आला. 'वरील सर्व प्रकाशने माझी आहेत.' मी पेन उघडलं. पहिलं अक्षर घातलं, निळ्या शाईत, आणि हात थांबला. हे अक्षर तर दोघींचं. निळं माझं, हे मला माहीत, आईला माहीत होतं, तुला माहीत. आणखी कुणाला कधीच कळलं नसतं. त्याच क्षणी तो अंगठा डोळ्यांपुढं आला, कुरतडलेला. ज्या पोरीला मी नख सुद्धा खोटं काढून दिलं नाही, तिच्या अख्ख्या हातावर मी आपलं नाव घालणार होते. मी विद्यार्थिनीकडून लाल पेन मागून घेतलं, तुझ्या पेपरवर काट मारली, शेजारी लिहिलं, 'हा माझ्या बहिणीचा', आणि मग खाली माझी सही केली, निळी.

समितीचं उत्तर काल आलं. अतिशय आदरपूर्वक आहे, दोनदा 'दीर्घ सेवा' म्हटलंय. सत्र संपलं की खोली रिकामी करायची आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या फ्रीझरची घरघर ऐकल्याशिवाय मला विचार करता येत नाही. पण काल जेवले व्यवस्थित.

तरीही ही अस्वस्थता जात नाही, आणि हे पत्र त्यासाठीच. ग्रंथपाल बाईंनी तुझा पेपर माझ्या पानावरून काढला, पण तो तुझ्याकडे पाठवता येत नाही म्हणतात. ज्याचा आहे त्यानं स्वतः मागायचा असतो, तोवर तो बिनधन्याचा पडून राहतो. त्या कोठारालाही एक पत्र्याची पेटी आहे, खारू, आणि तुझा पेपर आत्ता तिच्यात आहे. मी तुझ्यासाठी काहीही सोडवून आणलं असतं, पण हे मला जमणार नाही. तुझ्या लेकीला इथली जागा मिळाली, तिनं तुला सांगितलंच असेल. रविवारी ती घरी येतेय. मी तिला सगळं सांगितलंय, तू का गप्प राहिलीस ते सुद्धा. ती रडली, मग मासेमारीच्या विनोदाबद्दल बाबांकडे बघते म्हणाली. ती शेजारी बसेल, पण वाक्य तू लिहायचंस. असू दे म्हणायचं नाही. व्याकरण चुकलं तरी चालेल, सिस्टर आता नाहीत.

आता वाटणी ऐक, म्हणजे मागाहून घोळ नको. गोठवलेल्या यकृतपेशींच्या कुप्या माझ्या विद्यार्थिनीच्या. ती त्या घेऊन आकडेशास्त्र्यांच्या खोलीत जाईल, त्यांनी आनंदानं हो म्हटलंय, फ्रीझरही तिकडेच सरकेल. त्यांना स्वतःला माझा फिरता स्टूल, फार दिवस डोळा होता त्यांचा. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं छोटं यंत्र तळमजल्यावर, नवजात विभागाला. खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक माझ्या पैशांनी घेतलेला आहे, तो तुझ्या लेकीला, पाय मुडपून बसायच्या अटीवर. तुझ्या नवऱ्याला तीन पानांची एक छापील प्रत, चौकट करून. ती जेवणाच्या टेबलासमोर, त्याच्या गळांच्या वर लावायची. सेवकांच्या खोलीतली किटली सफाईवाल्या मावशींना, त्या अजून काय हरवलंय ते शोधताहेत. पेपर तुला, त्याच्यावरच्या सगळ्या सायटेशनसकट, आणि यापुढे येतील त्याही. शाईचं मूळ चित्र टेबलाच्या खालच्या खणात सापडलं, तेही तुला, कारण हात तुझा आहे. शेवटची बारीक ओळ मात्र मला. ती माझी आहे, आणि ती मी कुणाला देणार नाही.

तुझीच, त्या शेवटच्या ओळीतली,
ताई